‘संशयकल्लोळ’साठी आवाज चाचणी देताय? आधी पद नीट निवडा

हौशी मंडळींत संगीत नाटक बसवायचं म्हटलं की ‘संगीत संशयकल्लोळ’चं नाव निघतंच. गोविंद बल्लाळ देवल यांचं हे विनोदी नाटक १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं रंगमंचावर आणलं. यातल्या भूमिकेसाठी चाचणी देताना गळा चांगला असूनही काहीजण मागं पडतात. कारण एकच, चुकीचं पद.

भूमिका बघा : गाण्याचा मोठा भार अश्विनशेठ आणि रेवतीवर आहे. फाल्गुनराव व्हायचं असेल तर तानांपेक्षा संशयी माणसाचं बोलणं आणि विनोदाची वेळ साधणं महत्त्वाचं.

भाव जुळवा : नाटक हलकंफुलकं आहे. तिथं ‘एकच प्याला’मधलं करुण पद म्हटलं तर ऐकणाऱ्याला अंदाज येत नाही. ‘सौभद्र’मधलं एखादं खेळकर पद चालेल.

पट्टी ठरवा : काळी एक की काळी चार, हे घरीच पेटीवर तपासा. वरचा सूर ओढून लावावा लागत असेल तर पट्टी उतरवा. पेटीवाल्याला आधीच सांगा.

शब्द जपा : नाट्यपदात संवाद पुढं सरकतो. शब्द कळले नाहीत तर विनोद गेला. मोठ्या गायकाच्या तानांची मोबाईलवरून नक्कल करू नका.

मुखडा आणि एक अंतरा, दोन-तीन मिनिटं, एवढी तयारी पक्की ठेवा. सोपं पद स्वच्छ म्हणणारा अवघड पदात अडकणाऱ्यापेक्षा कधीही उजवा ठरतो.