दोन चॅनेल, एक आवाज

स्टिरिओ ध्वनिमुद्रणात डाव्या आणि उजव्या कानासाठी दोन स्वतंत्र चॅनेल असतात, मोनोमध्ये एकच. ऑडिओबुकसाठी केलेले वाचन स्टिरिओ स्वरूपात हाती आले, तर ते प्रसिद्ध करण्यापूर्वी या दोन चॅनेलचा एक चॅनेल करावा लागतो. संगणकावर हे काम एका आज्ञेत उरकते, म्हणून ते किरकोळ मानले जाते. पण तो एक चॅनेल दोन्ही मिसळून तयार करायचा की एक ठेवून दुसरा सोडून द्यायचा, हे मूळ ध्वनिमुद्रण कसे झाले यावर ठरते. निवड चुकली तर वाचणाऱ्याचा आवाज पातळ किंवा पोकळ होतो. काही वेळा तो सगळाच नाहीसा होतो.

स्टिरिओची रचना जागा दाखवण्यासाठी झाली. ईएमआय कंपनीतील ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पडद्यावरचे पात्र ज्या बाजूला असेल त्याच बाजूने त्याचा आवाज यावा, हा त्यामागचा एक हेतू होता. वाद्यवृंदाला आणि नाटकाला अशी रुंदी हवी असते. पुस्तक वाचणारा माणूस मात्र एकटा असतो आणि एकाच जागी बसलेला असतो. त्याचे वाचन स्टिरिओत घेतले की रुंदीऐवजी अडचणी येतात. पान उलटताना मान वळली की इअरफोनवर आवाज एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे सरकतो. ऐकणाऱ्याचे लक्ष गोष्टीवरून उडून आवाजाच्या हालचालीकडे जाते, आणि आठ-दहा तासांच्या पुस्तकात हा त्रास फार मोठा ठरतो. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्याला, किंवा काम करताना एकच इअरफोन लावून ऐकणाऱ्याला, दुसऱ्या बाजूचे शब्द मिळतच नाहीत. मोनोमध्ये दोन्ही कानांना, आणि मोबाइलच्या एका स्पीकरलाही, पूर्ण वाचन मिळते.

बोलकी पुस्तके जन्मापासून मोनोच होती. ब्रिटनमध्ये अंधांसाठी ही सेवा १९३५ मध्ये तबकड्यांवर सुरू झाली, तेव्हा स्टिरिओ तबकड्या बाजारात येण्यास वीसहून अधिक वर्षे अवकाश होता. पुढे कॅसेट आली. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेची बोलकी पुस्तके आणि घरोघरी ऐकले गेलेले मराठी कथाकथन याच माध्यमातून पसरले. आजच्या वाचनात स्टिरिओ शिरतो तो बहुधा नकळत. सॉफ्टवेअरमध्ये नवा ट्रॅक उघडताना तो आपोआप स्टिरिओ उघडतो, हातातल्या रेकॉर्डरला दोन माइक असतात, किंवा वाचन व्हिडिओ कॅमेऱ्यावर झालेले असते.

प्रकाशन मंचांची अपेक्षा स्पष्ट आहे. ऑडिबलच्या एसीएक्स या सेवेत एका पुस्तकाच्या सर्व फाइल्स एकतर मोनो किंवा सर्व स्टिरिओ असाव्या लागतात, आणि शिफारस मोनोची आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या लिब्रिव्हॉक्स या स्वयंसेवी उपक्रमात १२८ केबीपीएसची मोनो एमपी३ फाइल मागितली जाते. जागेचा हिशेबही याच बाजूने झुकतो. सीडीच्या दर्जाचे एक तासाचे स्टिरिओ वाचन सुमारे ६३५ एमबी जागा घेते, मोनो त्याच्या निम्मी. एमपी३चा आकार मात्र बिटरेटवर ठरतो. १२८ केबीपीएसला तासाला ५७.६ एमबी लागतात, मग फाइल मोनो असो वा स्टिरिओ. फरक असा, की मोनोमध्ये ते सगळे बिट एकाच आवाजाच्या वाट्याला येतात.

दोन चॅनेल मिसळणे म्हणजे बहुतेक वेळा त्यांची सरासरी काढणे. एकाच माइकचा आवाज दोन्ही चॅनेलमध्ये जसाच्या तसा असेल, तर सरासरीने काहीच बदलत नाही. असे ध्वनिमुद्रण नावापुरतेच स्टिरिओ असते. दोन्हीकडे शब्द सारखे पण उपकरणाची खरखर स्वतंत्र असेल, तर सरासरीने फायदाच होतो, कारण शब्दांची पातळी तीच राहते आणि खरखर सुमारे ३ डेसिबलने उतरते. माइक दोन इनपुटच्या यंत्राच्या फक्त पहिल्या इनपुटला जोडलेला असला, तर दुसरा चॅनेल रिकामा राहतो. मग सरासरीने आवाज ६ डेसिबलने खाली येतो आणि रिकाम्या चॅनेलमधली खरखर त्यात मिसळते. इथे भरलेला चॅनेल ठेवून दुसरा काढून टाकणे हाच योग्य उपाय.

सर्वांत घातक दोष उलट्या फेजचा. संतुलित जोडणीच्या वायरमधून एकच ध्वनिसंकेत दोन तारांवर जातो, एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा. ही वायर कॅमेऱ्याच्या किंवा रेकॉर्डरच्या स्टिरिओ इनपुटमध्ये खोचली, तर डाव्या चॅनेलमध्ये सुलटी लहर जाते आणि उजव्यात तिचीच उलटी. इअरफोनवर वाचन ऐकू येते, फक्त ते काहीसे विचित्र, जागा न सापडणारे वाटते. मोनो केले की दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात आणि फाइलमध्ये शांतता उरते. उपाय सोपा आहे: एक चॅनेल उलटा करून मग मिसळावा, किंवा एकच ठेवावा. पण दोष आधी लक्षात यायला हवा.

दोन माइक एकमेकांपासून दूर असतील तर नुकसान अधिक चोरटे असते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तोंडापासून एक माइक दुसऱ्यापेक्षा १७ सेंटिमीटर दूर असेल, तर तिथे आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्हींची पातळी सारखी असताना ते मिसळले, की १०००, ३०००, ५००० हर्ट्झ अशा ठिकाणी आवाज खोडला जातो आणि त्याच्या वर्णपटात कंगव्याच्या दातांसारख्या खाचा पडतात. अभियंते याला कॉम्ब फिल्टर म्हणतात. ऐकणाऱ्याला आवाज पिंपातून आल्यासारखा वाटतो. वाचक हलला की अंतर बदलते, खाचांची जागाही बदलते, म्हणून नंतर तो दोष इक्वलायझरने भरून काढता येत नाही. उच्चार स्पष्ट ठेवणारी व्यंजने याच वरच्या पट्ट्यात राहतात. स आणि श यांतला, किंवा ‘चार’ आणि ‘चारा’ यांतल्या दोन च-मधला फरक तिथल्या घर्षणध्वनीवर बराच अवलंबून असतो. अशा वेळी तोंडाजवळच्या माइकचा चॅनेल ठेवणे केव्हाही चांगले. दोन्ही माइक जवळजवळ एकाच बिंदूवर तिरके बसवलेले असतील, जसे अनेक छोट्या रेकॉर्डरवर असतात, तर वेळेचा फरक नगण्य असतो आणि मिसळणे सुरक्षित ठरते. मिड-साइड पद्धत तर याहून नेटकी. तिथे बेरीज केली की बाजूच्या माइकचा वाटा गळून पडतो आणि समोरच्या माइकचा तेवढा उरतो.

जुन्या माध्यमांची गोष्ट वेगळी. कॅसेटवर डावा आणि उजवा ट्रॅक शेजारी-शेजारी ठेवले गेले ते मोनो यंत्रालाही दोन्ही एकत्र वाचता यावेत म्हणून. पण हेड किंचित तिरके असले तर एक ट्रॅक मागे पडतो. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, त्यामुळे १०,००० हर्ट्झच्या लहरीची टेपवरची लांबी ४.७६ मायक्रोमीटर एवढीच भरते. तिच्या निम्म्याइतका फरकही मोनो करताना ती लहर पुसून टाकतो. म्हणून आधी हेडचा कोन जुळवावा लागतो. मोनो तबकडीबाबत नेमके उलट घडते. तिच्या खोबणीत आवाज आडव्या हालचालीत असतो. स्टिरिओ पिकअपने वाजवल्यावर उभ्या हालचालीतली घरघर दोन चॅनेलमध्ये परस्परविरुद्ध येते आणि मोनो करताना बरीचशी खोडली जाते.

कोणते प्रकरण हाती आहे हे ओळखण्याची कसोटी वजाबाकीची आहे. एक चॅनेल उलटा करून दुसऱ्यात मिसळावा. पूर्ण शांतता उरली, तर दोन्ही चॅनेल एकच आहेत. फक्त खरखर उरली, तरी सरासरीला हरकत नाही. खोलीचा घुमारा किंवा पातळ आवाज उरला, तर माइक वेगवेगळ्या जागी होते असे समजावे. आवाज उलट वाढला, तर फेज उलटी आहे. या तपासणीला मिनिटभर लागते आणि ती न करता दहा तासांचे वाचन मिसळणे हा निष्काळजीपणा आहे.

निर्णय झाल्यावर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ ट्रॅक थेट मिसळता येतो, किंवा दोन मोनो ट्रॅकमध्ये विभागून नको तो काढता येतो. शेकडो फाइल्स असतील तर एफएफएमपेग हे काम एका ओळीच्या आज्ञेने करते. त्यातही दोन्हींची सरासरी की एकच चॅनेल, हे सांगता येते. मोनो करण्याचे काम मूळ वेव्ह फाइलवर आणि सर्वांत आधी करावे, कारण त्याने आवाजाची आणि खरखरीची पातळी बदलते. नॉइज कमी करणे आणि पातळी बसवणे त्यानंतर. एसीएक्सला सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलमध्ये, सर्वोच्च बिंदू उणे ३ च्या आत आणि खरखर उणे ६० किंवा त्याहून खाली हवी असते. एमपी३ अगदी शेवटी, एकदाच करावी. दाबलेली फाइल उघडून पुन्हा दाबली की दर्जा दर वेळी घटतो.

अनेक पात्रांचे नाट्यरूपांतर, संगीताची जोड असलेली निर्मिती किंवा रंगमंचावर प्रेक्षकांसमोर झालेले कथाकथन यांत स्टिरिओला अर्थ असतो. डाव्या-उजव्या बाजूंना वाटलेले संवाद आणि सभागृहात उसळलेला हशा मोनोमध्ये एकावर एक येऊन दाटतो. अशी निर्मिती स्टिरिओतच ठेवावी आणि मोनो स्पीकरवर एकदा ऐकून शब्द बुडत नाहीत ना, ते पाहावे. एकट्याच्या वाचनाचीही मूळ स्टिरिओ फाइल पुसू नये. मोनोतून दोन चॅनेल परत मिळत नाहीत, आणि निवड चुकल्याचे एखाद्या प्रकरणात उशिरा कळले, तर दुरुस्ती त्या मूळ फाइलवरूनच करावी लागते.