मुलांच्या डब्यात कडधान्य हवे, कमीपणा नको

शाळा सुरू झाल्या की कष्टकरी घरात पहाटे एकच प्रश्न उभा राहतो. आज डब्यात काय द्यायचे? आईला सातची पाळी गाठायची असते, बाबांना लोकल किंवा एस.टी. धरायची असते. मग बटाट्याची भाजी आणि दोन पोळ्या डब्यात पडतात. त्यालाही वेळ मिळाला नाही तर पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट किंवा बिस्किटाचा पुडा दप्तरात जातो. पोट भरते, पण मूल वाढत नाही.

माता-भगिनींनो आणि बंधूंनो, दूध, अंडी, मांस, मासे यांपैकी काहीही न घालता, केवळ धान्य, कडधान्य, शेंगदाणे, तीळ आणि भाजी यांवर मुलाचा डबा सकस होऊ शकतो का? होऊ शकतो. अशा आहाराला आता व्हेगन म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. शब्द नवा असला तरी ताट आपल्याला नवे नाही. भाकरी, उसळ, झुणका, कारळाची चटणी यांवरच आपल्या मागच्या पिढ्यांनी डोंगराएवढी कामे उपसली. तेव्हा ती गरिबीची सक्ती होती. आज आपण तेच अन्न विचारपूर्वक, पोषणाचा हिशेब करून निवडू शकतो.

हे सोवळे नव्हे

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शाकाहार म्हणजे शुद्ध आणि मांसाहार म्हणजे अशुद्ध, हा विचार आपला नाही. खाण्यावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेने आपल्याला गावाबाहेर ठेवले. गोमांस खाण्यावरून माणसे अस्पृश्य कशी ठरवली गेली, याची मीमांसा बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात केली आहे. पंचशीलातले पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे, पण तथागतांनी अहिंसेचा आंधळा नियम केला नाही, तत्त्व सांगितले आणि विवेक माणसावर सोपवला, हेही बाबासाहेबांनीच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात समजावून सांगितले.

म्हणून ज्या घरात रविवारी मटण शिजते किंवा रात्री सुकटीची चटणी होते, त्या घराने लाजण्याचे कारण नाही. आणि ज्या घराने करुणेपोटी मांस सोडले आहे, त्यानेही शेजाऱ्याकडे वरून पाहण्याचे कारण नाही. शाळेच्या डब्यात कडधान्य का, याची उत्तरे साधी आहेत. ते स्वस्त पडते, दुपारपर्यंत टिकते आणि बटाट्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद देते.

डब्याचा जमाखर्च

सरकारच्या शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एका वेळच्या जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने धरलेली आहेत. सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. हे माप समोर ठेवून आपला डबा तपासू या.

दोन पोळ्यांना साधारण ६० ग्रॅम कणीक लागते. त्यातून सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत १०० ग्रॅम बटाट्याची भाजी दिली तर त्यातून जेमतेम दोन ग्रॅम. एकूण झाले आठ-साडेआठ. म्हणजे लहान मुलाच्या डब्यातही तूट.

आता बटाट्याऐवजी ४० ग्रॅम कोरड्या मटकीची, म्हणजे साधारण एका मुठीची, मोड आणून उसळ दिली तर नऊ ग्रॅम प्रथिने वाढतात. एकूण पंधरा! वर चमचाभर शेंगदाण्याचे कूट पडले तर आणखी भर. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. डाळी-कडधान्यांत २० ते २४ आणि विदर्भ-मराठवाड्यात पोत्यांनी पिकणाऱ्या सोयाबीनच्या वड्यांत तर ५० ग्रॅमच्या आसपास.

धान्य आणि कडधान्य एकत्र द्यावे, हेही लक्षात ठेवावे. धान्याच्या प्रथिनांत जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते धान्यात. भाकरी-झुणका किंवा खिचडी ही जोडी आपल्या आज्यांनी अनुभवाने जमवली होती, आता विज्ञानही तेच सांगते.

सहा दिवसांचे सहा डबे

सोमवार : मटकीची सुकी उसळ, पोळी आणि लिंबाची फोड.

मंगळवार : कोरडा झुणका आणि ज्वारीची भाकरी, सोबत काकडी किंवा गाजर. पीठ गरम पाण्यात मळले आणि भाकरी फडक्यात गुंडाळून दिली तर दुपारपर्यंत मऊ राहते.

बुधवार : मुगाची धिरडी. मूग रात्री भिजवून सकाळी आले, जिरे, मिरची घालून वाटावेत. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी.

गुरुवार : सोयाबीनच्या वड्या आणि वाटाणा घालून मसालेभात. वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्याव्यात, म्हणजे उग्र वास जातो.

शुक्रवार : भाजणीचे थालीपीठ, आत मेथी किंवा कोथिंबीर, सोबत तिळाची अथवा कारळाची चटणी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ आणि धने वेगवेगळे भाजून दळून आणले की महिनाभर सोय होते.

शनिवार : नाचणीची गूळ घातलेली धिरडी किंवा शेंगदाणा-गुळाचे दोन लाडू आणि एक पेरू किंवा केळे.

उन्हाळ्यात ओल्या नारळाची चटणी, दही, पातळ आमटी डब्यात लवकर आंबते. सुके पदार्थ टिकतात. अन्नाची वाफ जाऊ द्यावी, मगच झाकण लावावे. शक्य तो स्टीलचा डबा वापरावा.

आणि मटकी भिजवणे हे काही एकट्या आईचे काम नाही. रात्री कडधान्य भिजत घालणे, सकाळी उपसून फडक्यात बांधणे हे बाबांनी आणि मुलांनी केले तर आईची पहाटेची अर्धी धावपळ वाचते. समता सभेत बोलायची तशीच ती स्वयंपाकघरातही दिसली पाहिजे.

लोह, कॅल्शियम आणि बी-१२

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी ६७ मुलांच्या अंगात रक्त कमी होते. हीच मुले आता शाळेत बसत आहेत. मसूर, मटकी, चवळी, अहळीव, बाजरी यांत लोह असते, पण वनस्पतीतले लोह शरीर सहज घेत नाही. लिंबू, आवळा, पेरू सोबत असले तर ते चांगले अंगी लागते. कडधान्याला मोड आणल्यानेही फायदा होतो. उलट जेवणाबरोबर चहा दिला तर लोह वाया जाते. शाळेतून आठवड्याला लोहाची गोळी मिळते, ती मुलाने खिडकीतून फेकू नये, जेवणानंतर घ्यावी.

दूध परवडत नाही म्हणून कित्येक आया मनात कुढतात. शंभर ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर शंभर ग्रॅम दुधात १२० च्या आसपास. नाचणीतले सगळेच अंगी लागत नाही, तरी मोड आणून दळलेली नाचणी आणि तीळ रोजच्या खाण्यात ठेवले तर चांगला आधार होतो.

एक गोष्ट मात्र धान्य-भाजीत मिळत नाही, ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. रक्त आणि मज्जातंतूंसाठी ते लागतेच. घरात अंडी, मासे, मांस किंवा दूध खाल्ले जात असेल तर डबा पूर्ण वनस्पतीजन्य असायला हरकत नाही, रात्रीच्या जेवणात भरपाई होते. पण मुलाला यातले काहीच द्यायचे नाही असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ चे औषध नियमित दिलेच पाहिजे. यात हयगय नको.

डबा आणि मान

डब्याचे झाकण उघडले की आपल्या देशात पदार्थाबरोबर जातही शोधली जाते. साताऱ्याच्या शाळेत बालभीमाला स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. ते दिवस गेले असे म्हणतात, पण भाकरी आणली म्हणून हसणारे आणि मांसाहारी डबा आणू नये असे फर्मान काढणारे आजही आहेत. आपल्या मुलाला सांगा, ज्वारी-बाजरी हे गरिबीचे लक्षण नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे साल भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. मुलाने मान खाली घालून, झाकणाआड लपवून जेवू नये. दुसऱ्याच्या डब्याला नावेही ठेवू नयेत.

आणि ज्या मुलांना अंडे हवे आहे, त्यांचा हक्कही आपणच मांडला पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि ते न खाणाऱ्यांना केळी किंवा फळ देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा सरकारी खर्च थांबवला. आपण आपल्या डब्यात खुशीने मटकी भरणे वेगळे आणि गरिबाच्या ताटातून अंडे काढून घेणे वेगळे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. तिथे जाऊन आपल्या शाळेत काय शिजते, किती शिजते, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

ही योजना आठवीपर्यंतच आहे. नववी-दहावीची मुले, म्हणजे ज्यांची वाढ भराभर होते आणि अभ्यासही वाढतो, ती पूर्णपणे घरच्या डब्यावर असतात. मुली तर पुष्कळदा डबा न घेताच जातात. त्यांच्याकडे अधिक लक्ष द्या.

विहारात रविवारच्या वंदनेनंतर महिला मंडळाने एकदा डब्यांचा कार्यक्रम ठेवावा. प्रत्येक घराने कडधान्याचा एक पदार्थ आणावा, मुलांनी चाखून पसंती सांगावी आणि भाजणी दहा घरांनी मिळून एकत्र दळून आणावी, खर्च कमी येईल. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले. उपाशी किंवा अर्धपोटी मुलाचे फळ्याकडे लक्ष लागत नाही. शिकणाऱ्या मुलाचा डबा भरणे हेसुद्धा त्याच कार्यातले काम आहे. तेव्हा आज रात्री झोपण्यापूर्वी मूठभर मटकी भिजत घाला.

जयभीम.