हिंग लावून विचारायची गोष्ट

विजयनगरात एका पोर्तुगिजाकडे एक उंची घोडा होता. घोड्याच्या पोटात सारखा वारा धरायचा, म्हणून राजा तो विकत घेईना. पोर्तुगिजाने त्याला पिठात कालवून हिंग चारायला सुरुवात केली. घोडा बरा झाला आणि राजाने तो घेतला. काय औषध दिलंस, असं राजाने विचारलं तेव्हा खरं उत्तर मिळालं. त्यावर राजा म्हणाला, मग नवल काय, तू त्याला देवांचं अन्न खाऊ घातलंस. सैतानाचं म्हणा, असं पोर्तुगीज हळूच पुटपुटला. ही हकीकत गार्सिया द ऑर्ता या वैद्याने लिहून ठेवली आहे. तो १५३४ मध्ये गोव्यात आला, तिथेच राहिला आणि भारतातल्या औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. हिंगाच्या वासाने त्याचं डोकं उठायचं, पण हिंग घालून शिजवलेल्या भाज्यांना तो वास राहत नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं.

ऑर्ताची ही बारीक नोंद मला घोड्याच्या गोष्टीपेक्षा मोलाची वाटते. औषधांच्या दुकानांतून आणि ऑनलाइन बाजारातून आता ‘पाचक थेंब’, ‘हिंग ड्रॉप्स’, ‘गॅससाठी नैसर्गिक अर्क’ अशा नावांच्या छोट्या बाटल्या मिळतात. पाण्यात दहा थेंब टाका आणि प्या, पोट हलकं होईल, असं त्यांवर लिहिलेलं असतं. त्या पाण्यात नेमकं काय उतरतं, हे समजून घ्यायला आधी झाडापासून सुरुवात करावी लागते.

हिंगाचं झाड बडीशेप, जिरे, ओवा यांच्या कुळातलं. इराण आणि अफगाणिस्तानच्या कोरड्या, थंड डोंगरउतारांवर ते वाढतं. पहिली काही वर्षं जमिनीलगत नुसती पानं असतात आणि सारी शिदोरी गाजरासारख्या जाड मुळात साठत जाते. मग एकदाच उंच दांडा येतो, फुलं-बिया येतात आणि झाड मरतं. फुलोरा येण्याआधी, वसंतात, गोळा करणारे मुळाचा माथा उघडा करतात, वरचं खोड छाटतात आणि उन्हापासून जपायला त्यावर काटक्या-मातीचं छप्पर घालतात. कापलेल्या जागी पांढरा चीक जमतो. तो काही दिवसांनी खरवडून घेतात, पुन्हा एक पातळ चकती कापतात, पुन्हा चीक येतो. मूळ आटेपर्यंत हे चालतं, कधी कधी तीन-तीन महिने. एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याने सतराव्या शतकात इराणच्या लारिस्तान भागात हे काम स्वतः पाहिलं आणि १७१२ च्या आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. पद्धत त्यानंतर फारशी बदललेली नाही.

या वाळलेल्या चिकात तीन गोष्टी एकत्र नांदतात. साधारण ४० ते ६४ टक्के राळ, सुमारे पाव भाग डिंक, आणि सुमारे १० ते १७ टक्के उडून जाणारं तेल. डबी उघडताच नाकात शिरतो तो वास या तेलातल्या गंधकयुक्त द्रव्यांचा, लसणाच्या वासाचे हे नातलग. फेरुलिक आम्ल राळेच्या भागात असतं. रसायनशास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं ते १८६६ मध्ये, हिंगातूनच. आज तेच फेरुलिक आम्ल चेहऱ्याला लावायच्या महागड्या सिरममध्ये मिरवतं, हा विनोद हिंगाच्या नशिबी आला आहे.

आता खरी मेख. डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. म्हणून खडा हिंग पाण्यात उगाळला की पाणी दुधाळ होतं. राळेचे आणि तेलाचे सूक्ष्म कण डिंकाच्या आधाराने त्यात तरंगत असतात, विरघळलेले नसतात. ठेवून दिलं की गाळ बसतो. राळ काढायची तर तूप, तेल किंवा मद्यार्क लागतो. आपल्या स्वयंपाकघराला हे रसायन कुणी शिकवलं नव्हतं, तरी हिंग कडकडीत तेलात पडतो आणि मग त्यावर डाळ येते. आयुर्वेदातही हिंग तुपात परतून ‘शुद्ध’ करतात. हिंगाष्टक चूर्णात सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग ही आठ द्रव्यं असतात, पण ते नुसतं फाकायचं नसतं. जेवणाच्या पहिल्या घासाला तूप घालून त्यात कालवून घ्यायचं असतं. बरेच लोक आज ते पाण्याबरोबर गिळतात आणि मग गुण येत नाही म्हणून वैद्याला नावं ठेवतात.

चरकाने आपल्या श्रेष्ठ द्रव्यांच्या यादीत अग्नी पेटवणाऱ्या, वायूला खाली सरकवणाऱ्या द्रव्यांमध्ये हिंगाच्या निर्यासाला पहिलं स्थान दिलं आहे. आधुनिक प्रयोगशाळांचं उत्तर यापेक्षा सावध आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत उंदरांवर झालेल्या कामात आहारातल्या हिंगाने स्वादुपिंडाच्या पाचक विकरांना चालना मिळाल्याचं दिसलं. गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर हिंगाचा अर्क टाकला तर त्याचं आकुंचन सैलावतं. माणसांवरचे नीट बेतलेले प्रयोग मात्र मोजकेच. त्यांतल्या २०१८ च्या एका भारतीय अभ्यासात अपचनाचा जुना त्रास असलेले ४३ जण होते. निम्म्यांना रोज दोन वेळा २५० मिलिग्रॅम हिंगाची कॅप्सूल आणि उरलेल्यांना हिंग नसलेली, दिसायला तशीच कॅप्सूल, असं ३० दिवस चाललं. हिंग घेणाऱ्यांना स्पष्ट आराम पडला. पण ४३ माणसांवरून साऱ्या जगाच्या पोटाबद्दल बोलता येत नाही, आणि तो प्रयोग खास तयार केलेल्या कॅप्सूलचा होता, थेंबांचा नव्हे.

थेंबांचा कारखानी इतिहास पाश्चात्त्य औषधकोशात सापडतो. तिथे हिंग मद्यार्कात मुरवून त्याचा टिंक्चर करत आणि पोटफुगीवर देत. मद्यार्क राळेला खरोखर विरघळवतो, त्यामुळे हा टिंक्चर शास्त्रदृष्ट्या चोख होता. लहान मुलांना मद्यार्क कसा द्यायचा म्हणून ग्लिसरीनमध्ये हिंग घोळवलेलं औषधही अमेरिकेत घरगुती उपाय म्हणून चालत होतं. १९८४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी एका पाच आठवड्यांच्या बाळाची हकीकत प्रसिद्ध केली. पोटदुखीवर त्याला हे ग्लिसरीनचं औषध पाजलं होतं आणि ते धापा टाकत रुग्णालयात आलं. त्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूपांतर प्राणवायू वाहू न शकणाऱ्या मेथिमोग्लोबिनमध्ये झालं होतं. तपासणीत दिसलं की हिंगाचा हा परिणाम नवजात बाळाच्या हिमोग्लोबिनवर होतो, मोठ्यांच्या हिमोग्लोबिनवर होत नाही. आपल्या आज्या तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती कोमट पाण्यात कालवलेल्या हिंगाचा लेप लावत. पाजणं ही वेगळी गोष्ट, हा भेद बाटल्यांवरच्या जाहिरातीत पुसला जातो.

आपल्या रानात हिंगाचा एक गरीब भाऊ आहे, त्याचं नाव इथे घ्यायलाच हवं. डिकेमाली. गार्डेनिया प्रजातीतल्या या झुडपाच्या कोवळ्या कळ्यांवर आणि शेंड्यांवर पिवळसर, उग्र वासाची राळ जमते. संस्कृत ग्रंथांत ती ‘नाडीहिंगु’ म्हणून येते. महाराष्ट्रात कितीतरी घरांत जंतांवर आणि दात येताना पोट बिघडलं तर डिकेमाली उगाळून देत. काष्ठौषधीच्या जुन्या दुकानात ती अजून मिळते. तिच्या नावावर थेंबांच्या बाटल्या निघालेल्या दिसत नाहीत, कारण परदेशी वासाला जी किंमत येते ती रानातल्या वासाला येत नाही.

भेसळीचा मुद्दा टाळता येत नाही. बाजारातला बहुतेक हिंग ‘बांधणीचा’ असतो. मूळ चिकात बाभळीचा डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळून केलेला. तो बेकायदा नाही. अन्नसुरक्षेच्या मानकांप्रमाणे बांधणीच्या हिंगातून ९० टक्के मद्यार्कात उतरणारा भाग किमान ५ टक्के असावा लागतो, खड्या हिंगात किमान १२ टक्के. मद्यार्कात उतरतो तो भाग प्रामुख्याने राळ आणि तेल, म्हणजे ज्यासाठी आपण हिंग घेतो ते. हा नियम पूर्ण पाळणाऱ्या डबीतही उरलेलं बहुतांश पीठ आणि डिंकच असू शकतं. चंद्रस किंवा गंधाबिरोजासारखी परकी राळ मिसळणं मात्र नियमबाह्य आहे. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर डबीवरचे घटक वाचल्याशिवाय फोडणीही करू नये.

हा सारा व्यवहार आयातीवर उभा आहे. देश दरवर्षी सुमारे १२०० टन कच्चा हिंग इराण, अफगाणिस्तान, उझबेकिस्तानातून आणतो. पालमपूरच्या सीएसआयआरच्या हिमालयीन जैवसंपदा संस्थेने इराणी बियांपासून रोपं तयार केली आणि १५ ऑक्टोबर २०२० रोजी लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावात देशातलं पहिलं रोप लावलं. २०२५ मध्ये पालमपूरला हिंग पहिल्यांदा फुलला. बाजारापुरता चीक काढणं हा त्यापुढचा टप्पा आहे, त्यामुळे ‘स्वदेशी हिंग’ असं छापलेल्या डबीकडे तूर्त जरा संशयानेच पाहावं.

थेंबांच्या बाटलीकडे परत यायचं तर माझं मत सांगतो. बाटलीवर राळ किती मिलिग्रॅम आहे आणि ती कशात विरघळवली आहे, हे दोन्ही लिहिलं नसेल तर ती ठेवून द्यावी. नुसत्या पाण्यात कालवलेला हिंग विकत घेण्यापेक्षा ताकात चिमूटभर घालावा, तिथे निदान लोण्याचा अंश तरी असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आणि गर्भवतींनी अशा अर्कांची मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पोटात वारंवार कळ येत असेल, वजन घटत असेल किंवा शौचात रक्त दिसत असेल तर हिंगाचं काम संपलं, तपासणी करून घ्यावी. आणि तान्ह्या बाळाला हिंगाचा कोणताही द्रव, कितीही नैसर्गिक असला तरी, तोंडाने पाजू नये.