खळे, चाळ आणि शाळेचा हॉल

मराठी रंगभूमीचा इतिहास आपल्याकडे नाटककारांचा, नटांचा आणि फार तर नाटक मंडळ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जागेचा इतिहास फारसा कोणी मांडत नाही. प्रयोग कोठे झाला, ती जागा कोणाच्या मालकीची होती, तिच्या दारातून कोणाला आत येता येत नव्हते, हे प्रश्न गौण समजले जातात. ज्या समाजाला चावडीवर बसण्याची, पाणवठ्यावर जाण्याची, देवळात शिरण्याची मुभा नव्हती, त्या समाजातून आलेल्या अभ्यासकाला हे प्रश्न गौण मानता येणार नाहीत. कला ही जागेत घडते. जागेला मालक असतो. आणि मालकाला जात असते, वर्ग असतो, शेजाऱ्यांची भीतीही असते.

मी ज्या लहान रंगस्थळांविषयी लिहीत आहे ती म्हणजे शे-दीडशे माणसे बसतील अशी, कोणा मोठ्या निर्मात्याच्या किंवा सरकारी खात्याच्या थेट हुकमतीखाली नसलेली ठिकाणे. शाळेचा हॉल, चाळीचे पटांगण, विहाराचा ओटा, एखाद्या घराची गच्ची. त्यांचे महत्त्व केवळ भावनेचे नाही, त्यामागे साधे गणित आहे. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली झाले. त्यात हजाराच्या आसपास प्रेक्षक बसतात. हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात दोनशे माणसे आली तर प्रयोग पडला असे म्हणतात. तीच दोनशे माणसे शाळेच्या हॉलमध्ये आली तर दाराबाहेर उभे राहावे लागते. भाडे, जाहिरात, नेपथ्याची वाहतूक, नटांची नाइट हे सर्व भरून काढण्यासाठी मोठ्या जागेतल्या निर्मात्याला आधीच पसंतीस उतरलेला विषय घ्यावा लागतो. तो दुष्ट असतो म्हणून नव्हे. खुर्च्या त्याला तसे करायला लावतात. नवा विषय, नवी भाषा, कधी रंगमंचावर न आलेली माणसे यांना पहिल्या दिवशी हजार प्रेक्षक मिळत नसतात. त्यांना साठ मिळतात. या साठांवर जी जागा तग धरू शकते, तेथेच नवे काही जन्माला येते.

दादरच्या छबिलदास शाळेचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९६० साली सुरू झालेल्या ‘रंगायन’मधून फुटून १९७१ मध्ये अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींनी ‘आविष्कार’ स्थापन केली आणि १९७४ पासून छबिलदासच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. पडदा नाही, नट आणि प्रेक्षक यांच्यात चार हातांचे अंतर. बादल सरकारांचे ‘जुलूस’ अमोल पालेकरांनी येथेच लोकांच्या मधोमध उभे केले. ‘आविष्कार’ने हा हॉल केवळ स्वतःपुरता ठेवला नाही, इतर संस्थांनाही तो खुला राहिला, म्हणून आज आपण ‘छबिलदास’ हा शब्द एका चळवळीचे नाव म्हणून उच्चारतो. ही चळवळ १९९२ पर्यंत तेथे नांदली, नंतर ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेली. जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ चे. तेथे प्रेक्षक दोनशेच्या घरात. पण त्या जागेमागे कपूर कुटुंबाची ताकद होती. छबिलदासमागे फक्त शाळेची संमती होती. या दोहोंतला भेद लक्षात ठेवावा.

छबिलदासविषयी कृतज्ञता बाळगूनही एक गोष्ट बोलली पाहिजे. तेथे चौकट मोडली ती रंगमंचाची. प्रेक्षागृहाची सामाजिक चौकट बऱ्याच अंशी दादरचीच राहिली. प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास लिहिणारे जणू लहान जागेचा शोध तेथे लागला असे समजून लिहितात. आपला अनुभव वेगळा आहे. आपल्याकडे लहान जागा ही प्रयोगाची हौस नव्हती, दुसरी जागाच नव्हती.

सत्यशोधक जलसे आणि पुढे आंबेडकरी जलसे हे सभागृहाशिवाय उभे राहिले. नाशिक भागातून भीमराव कर्डकांचा जलसा १९३० नंतरच्या काळात गावोगाव फिरला. त्याचे स्वरूप त्यांनी स्वतः ‘आंबेडकरी जलसे’ या विषयावरील पुस्तकात १९७८ साली नोंदवून ठेवले आहे. तमाशाचा सांगाडा घ्यायचा, पण देवाच्या गणाऐवजी समाजाला वंदन करायचे, गवळणीची थट्टा टाळायची, आणि वगाच्या जागी मेलेली ढोरे ओढणे सोडा, मुलांना शाळेत घाला, असे सवाल-जवाब आणायचे, ही त्याची रीत. त्यासाठी लागत असे काय? महारवाड्यातले मोकळे अंगण, दोन कंदील, एक ढोलकी. आज नाट्यशास्त्राचे विद्यार्थी ज्याला ‘पर्यायी अवकाश’ म्हणतात तो आपल्या आजोबांच्या घरासमोर होता. तो स्वस्त होता आणि मुख्य म्हणजे तेथे परवानगी मागायला कोणाच्या पायरीशी जावे लागत नव्हते. त्याची मर्यादाही तीच. जलसा गावकुसाच्या आत सहजासहजी शिरू शकत नव्हता. ज्यांनी ऐकायला हवे होते ते ऐकायला येत नव्हते.

मुंबईच्या गिरणगावाने या मर्यादेला काहीसे उत्तर दिले. परळचा दामोदर हॉल पाहा. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगशी निगडित ही वास्तू. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी याच हॉलमध्ये सभा बोलावली आणि त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. त्याच परळमध्ये कामगारांची नाटके, कोकणातली नमने, शक्ती-तुऱ्याचे सामने होत राहिले. राजकीय सभा आणि करमणूक यांना एकच छप्पर होते, म्हणून एकाचा श्रोता दुसऱ्याचा प्रेक्षक झाला. हे नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी विरोध केला तो उगीच नव्हे. गिरण्या गेल्या, चाळी टॉवरखाली गेल्या, पटांगणे पार्किंगमध्ये गेली. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले तेव्हा त्यांना मुंबईत मैदाने कमी नव्हती. आज तसे पथक निघाले तर त्याने उभे राहावे कोठे, हा प्रश्न कलेचा आहे तितकाच जमिनीच्या भावाचा आहे.

महाविद्यालयांचेही एक उदाहरण आपल्याजवळ आहे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ लिहिले, विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केले, आणि १९५६ साली नागपूरला दीक्षा सोहळ्यासाठी जमलेल्या जनसमुदायापुढेही त्याचा प्रयोग झाला. कॉलेजचे स्नेहसंमेलन हीदेखील एक लहान रंगभूमीच आहे. आपण प्राध्यापकांनी ती सिनेमाच्या गाण्यांवर नाचायला सोडून दिली, इतकेच.

परदेशातील एक दाखला येथे उपयोगी पडेल. न्यूयॉर्क शहरात एलेन स्टुअर्ट या कृष्णवर्णीय स्त्रीने १९६१ साली एका इमारतीच्या तळघरात ‘ला मामा’ हे थिएटर सुरू केले. तिच्याकडे इतके पुरुष येतात-जातात हे पाहून शेजाऱ्यांनी ती कुंटणखाना चालवते अशी तक्रार केली. नाट्यगृहाचा परवाना मिळणे शक्य नव्हते, म्हणून तिने कॉफीगृह म्हणून जागा चालवली; लोकांना कॉफी पाजली आणि नाटक दाखवले. त्या तळघरातून पुढे जगभर नाव झालेली संस्था उभी राहिली. आपल्याकडील वाचकाला या कथेतील शेजारी चांगलेच ओळखीचे वाटतील. जयंतीच्या कार्यक्रमात एक एकांकिका करायची म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी एका संस्थेचा हॉल मागितला होता. भाडे ठरले, तारीख ठरली. विषय कळल्यावर हॉलची डागडुजी निघाली. मुले हसत परत आली. हसली याचेच मला जास्त वाईट वाटले.

कायद्याची बाजूही कार्यकर्त्यांनी जाणून घ्यावी. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी द्यावी लागते आणि करमणुकीच्या जागेवर १९५१ च्या पोलीस कायद्याखालील नियमांचा अंमल असतो. संहिता आधी तपासण्याच्या या पद्धतीला अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. मोठा निर्माता हे सोपस्कार माणूस ठेवून उरकतो. वस्तीतल्या पथकाला त्यासाठी रोज बुडवून चकरा माराव्या लागतात.

आता चिखल्याकडे वळतो. डहाणू आणि घोलवडच्या दरम्यानचे हे समुद्रकाठचे गाव. एका अंगाला सुरूची झाडे आणि वाळू, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या, आणि त्या वाड्यांत राबणारे वारली. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल येते. चर्चगेट १२४ किलोमीटरवर आहे. दादरला नाटक पाहून रात्री घरी परतणे म्हणजे काय, हे येथल्या विद्यार्थ्याला विचारावे. पण म्हणून येथे रंगस्थळ नाही असे म्हणणारा आंधळा आहे. येथले रंगस्थळ म्हणजे खळे. भात तयार होण्याच्या दिवसांत रात्री तारपा सुरू होतो. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांनी बनलेले ते वाद्य मध्ये, आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून फिरणारी रांग. वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नाही हा दंडक. येथे तिकीट नाही, पुढची रांग नाही आणि प्रेक्षकही नाही. जो येतो तो रांगेत शिरतो. लग्नात धवलेरी गाते आणि तिच्या गाण्यानेच लग्न लागते. पुरोहित स्त्री असलेली ही रंगभूमी ‘लोककला’ या एका शब्दात कोंबून पाठ्यपुस्तकांनी निकालात काढली आहे.

या कलांची जागा बदलली की काय होते तेही याच तालुक्याने पाहिले. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने काढायचा चौक १९७० नंतर कागदावर आला. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रे मुंबईच्या दालनात गेली, परदेशात गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली माणसाचे नाव जगाला कळले, ही मोठीच गोष्ट. परंतु भिंत घरची होती, दालन दुसऱ्याचे आहे. भाव दुसरा ठरवतो. तारप्याचेही तेच झाले आहे. रिसॉर्टच्या हिरवळीवर पाहुण्यांच्या जेवणाआधी वीस मिनिटे तारपा वाजतो. रांग तीच, पाय तेच. पण आता ती बघ्यांसाठी फिरते. नाचणाऱ्याला पैसे मिळतात आणि ते त्याला हवेच आहेत. घरात तांदूळ नसलेल्याला अस्सलतेचा उपदेश करणाऱ्यांत मी नाही. माझा आक्षेप एवढाच की नाचाचा वेळ, लांबी आणि शेवट हे तिघेही हिरवळीच्या मालकाच्या ताब्यात गेले.

या तलासरी-डहाणूच्या पट्ट्यातच १९४५ साली झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठीला नकार दिला गेला. ती परिषदही कोणाच्या सभागृहात नव्हती.

तेव्हा नवी नाट्यगृहे मागण्याआधी आहेत त्या जागांकडे पाहावे. दलित वस्ती सुधार योजनेतून, ठक्कर बाप्पा योजनेतून गावोगाव समाजमंदिरे बांधली गेली. त्यांत अंगणवाडी भरते, लग्नाची भांडी राहतात, निवडणुकीत मतपेट्या येतात. संध्याकाळी कुलूप असते. दिल्लीत सफदर हाश्मीच्या सहकाऱ्यांनी, त्याच्या खुनानंतर तेवीस वर्षांनी, २०१२ मध्ये शादीपूरच्या कष्टकरी वस्तीत ‘स्टुडिओ सफदर’ नावाची एक खोली उघडली. काळ्या रंगाच्या भिंती, थोडे दिवे, शेजारी पुस्तकांचे दुकान. समाजमंदिराला यापेक्षा अधिक काही लागत नाही. एक स्वतंत्र वीजजोडणी, चार-सहा दिवे टांगायला आडवा लोखंडी पाइप, बसायला सतरंज्या, स्त्रियांना निर्धास्त येता-जाता यावे असा रस्त्यावरचा उजेड आणि चालू स्थितीतले स्वच्छतागृह. शेवटच्या दोन गोष्टी नसतील तर निम्मा प्रेक्षक घरीच राहतो, हे बहुतेक नाट्यविषयक लेखांत येत नाही. महिन्यातून एक ठरलेला वार असावा. जाहिरातीचा खर्च त्याने वाचतो. आणि तारीखवही वस्तीतल्या तरुणांच्या हाती असावी, पुढाऱ्याच्या नव्हे.

आमच्याकडे तूर्त वाद किल्लीवर अडला आहे. ग्रामपंचायत म्हणते शिपायाकडे राहील, शिपाई पाच वाजता घरी जातो. मुलांनी दुसऱ्या किल्लीसाठी अर्ज दिला आहे. तोवर तालीम बाहेरच्या ओट्यावर चालू आहे.