तुमचा खेळ कितव्या पायरीवर?

समजा तुम्ही पनवेलला राहता. सोसायटीच्या आवारात दोन खांबांना जाळी बांधून रोज संध्याकाळी बॅडमिंटनचा डाव रंगतो. खाडीकडून वारा सुटला की फूल भलतीकडेच जाते. पण त्याचीही तुम्हांला सवय झाली आहे. आवारातील दहाबारा मुलांत तुम्हांला हरवणारे कोणी नाही. एक दिवस स्पर्धेचा अर्ज भरायची वेळ येते. अर्जात एक रकाना असतो : ‘खेळाचा दर्जा – नवोदित, मध्यम की प्रगत?’ तुम्ही बेधडक ‘प्रगत’ असे लिहिता. आणि पहिल्याच सामन्यात, बंदिस्त सभागृहातील कोर्टवर, रोज पहाटे सराव करणारी एक मुलगी तुम्हांला 21–6, 21–4 असे हरवते!

घरी परतताना तुम्हांला काय वाटेल? ‘आपल्याला काहीच येत नाही,’ असेच ना? पण जरा विचार करा. तुमचा हात, तुमची नजर, तुमचे पाय कालचेच आहेत. काल तुम्ही आवारातले विजेते होता आणि आज पहिल्याच फेरीत बाद झालात. मग बदलले काय? बदलली ती फक्त मोजपट्टी. काल तुम्ही स्वतःला आवारातल्या मुलांशी ताडून पाहत होता, आज दुसऱ्यांशी. खेळाचा दर्जा मोजण्यातील खरी अडचण नेमकी येथेच आहे.

फुलाची परीक्षा सोपी

आधी फुलाकडे, म्हणजे शटलकॉककडे पाहू. त्यालाही दर्जा असतो. फुलांच्या डबीवर 76, 77, 78 असे आकडे छापलेले तुम्ही पाहिले असतील. आकडा जितका लहान तितके फूल हळू. पनवेल समुद्रसपाटीला, तर पुणे घाट चढून गेल्यावर सुमारे 560 मीटर उंचीवर. तेथे हवा थोडी विरळ, म्हणून फुलाला होणारा विरोधही कमी. पनवेलला योग्य ठरलेले फूल पुण्यास नेले तर ते थोडे लांब जाते. (याच पुण्यात 1870 च्या दशकात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी या खेळाचे सुरुवातीचे नियम बांधले होते, हे तुम्ही ऐकले असेलच.)

योग्य फूल ओळखण्याची परीक्षा नियमांतच दिलेली आहे. कोर्टच्या मागच्या रेषेवरून खेळाडूने खालून वर असा पूर्ण ताकदीचा फटका मारायचा. फूल समोरच्या मागील रेषेच्या अलीकडे 53 ते 99 सेंटिमीटर या पट्ट्यात पडले तर ते योग्य गतीचे. किती सोपे! जमिनीवर रेषा आखलेली आहे आणि मोजपट्टी सर्वांना सारखीच.

खेळाडूसाठी अशी रेषा आखता येईल का? प्रयत्न करून पाहा. दुहेरीची सर्व्हिस-रेषा आणि मागची रेषा यांमध्ये 76 सेंटिमीटर रुंदीचा पट्टा असतो. मित्राला तुमच्याकडे उंच फुले टोलवायला सांगा आणि 20 फटके समोरच्या त्या पट्ट्यात टाकण्याचा प्रयत्न करा. किती पडले ते वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच करा. आकडा रोज सारखा येणार नाही. एक दिवस 12 तर दुसऱ्या दिवशी 8. म्हणजे एका दिवसाच्या आकड्यावर विसंबता येत नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा याहून महत्त्वाचा. पट्ट्यात फूल टाकता येणे म्हणजे खेळता येणे नव्हे. सामन्यात फूल कोठे येणार हे आधी कळत नाही, फटका कोणता मारायचा हे क्षणात ठरवावे लागते आणि मारून झाल्यावर पुन्हा कोर्टच्या मध्याकडे परतावे लागते. आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर यांचे उदाहरण घ्या. 1956 साली क्वालालंपूर येथील सेलँगोर स्पर्धा जिंकून परदेशात अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले आणि 1961 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांची ख्याती होती ती हळुवार, कलात्मक फटक्यांबद्दल. केवळ स्मॅशचा वेग मोजून खेळाडूंचे गट पाडले असते, तर अशा खेळाडूचे मोठेपण त्या परीक्षेत दिसलेच नसते.

तेव्हा खेळाडूची मोजपट्टी म्हणजे अखेर दुसरा खेळाडूच. दर्जा ठरतो तो कोणाविरुद्ध किती वेळा जिंकलात यावर.

एक सामना काय सांगतो?

समजा तुमच्यात आणि तुमच्या मित्रात इतकाच फरक आहे, की दर 100 रॅलींपैकी 55 तुम्ही जिंकता आणि 45 तो. फरक किरकोळ वाटतो ना? आता संभाव्यतेचे गणित काय सांगते पाहा. 11 गुणांचे 100 गेम खेळलात तर तुम्ही सुमारे 68 जिंकाल. 21 गुणांचे गेम असतील तर सुमारे 74. आणि तीनपैकी दोन गेम जिंकण्याचे पूर्ण सामने असतील तर सुमारे 83. सामना जितका लांब तितका वरचढ खेळाडूचा फायदा जास्त. कारण रॅली वाढल्या की दैवाचा वाटा कमी होत जातो. नाणे 4 वेळा उडवले तर चारही वेळा छापा पडू शकतो. 40 वेळा उडवले तर चाळीसही वेळा छापा पडेल का?

पण याच आकड्यांची दुसरी बाजू पाहा. पूर्ण सामना खेळूनही कमी दर्जाचा तुमचा मित्र 100 पैकी 17 वेळा जिंकणारच. म्हणजे दर सहा सामन्यांत साधारण एकदा! तो एक सामना पाहूनच कोणी गट पाडले तर? चुकीचा मुलगा वर जाईल आणि चुकीचा खाली.

उलट, दर 100 रॅलींपैकी तुम्ही 60 जिंकत असाल तर पूर्ण सामन्यात तुमचा मित्र 100 पैकी जेमतेम 3 वेळा जिंकेल. अशा सामन्यात गुण साधारण 21–14 असे लागतात. बघणाऱ्याला वाटते, ‘थोडक्यात हरला.’ प्रत्यक्षात दोघांत चांगलीच एका पायरीचे अंतर असते.

उपविजेता खरेच दुसरा असतो का?

शाळेच्या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. आठ खेळाडू, सात सामने आणि विजेता मिळाला! पण दुसरा क्रमांक? समजा वरचढ खेळाडू नेहमीच जिंकतो असे धरले आणि चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. सर्वोत्तम खेळाडू कार्यक्रम-पत्रिकेच्या ज्या अर्ध्या भागात आहे, तेथे आणखी 3 जागा असतात आणि दुसऱ्या अर्ध्यात 4. क्रमांक दोनचा खेळाडू या 7 पैकी कोणत्याही जागी येऊ शकतो. पहिल्या 3 जागांपैकी एखादी त्याच्या वाट्याला आली तर तो अंतिम फेरीआधीच बाद! म्हणजे सातात तीन वेळा उपविजेत्याचे बक्षीस भलत्यालाच मिळते.

हा अन्याय ‘अॅलिस इन वंडरलँड’चा लेखक लुईस कॅरोल याने 1883 साली लॉन टेनिसच्या स्पर्धांबद्दल लिहिताना दाखवून दिला होता. त्याचे खरे नाव चार्ल्स डॉजसन. तो ऑक्सफर्डला गणित शिकवत असे. यावर उपाय म्हणून आज मोठ्या स्पर्धांत मानांकन देतात आणि अग्रमानांकित खेळाडूंना पत्रिकेत एकमेकांपासून दूर ठेवतात. पण मानांकन द्यायचे तर कोण वरचढ हे आधीच माहीत हवे, नाही का?

येथे एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची युक्ती कामी येते. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले आर्पाड एलो यांनी ती बुद्धिबळासाठी बसवली आणि 1970 साली बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने ती स्वीकारली. प्रत्येक खेळाडूला काही गुणांक द्यायचे. दोघांत 200 गुणांकांचे अंतर असेल तर वरचा खेळाडू 100 पैकी 76 डाव जिंकेल अशी अपेक्षा धरायची. आता एका डावावर 20 गुणांक लावले असे समजा. वरचा जिंकला तर त्याला 20 च्या 24 टक्के, म्हणजे साधारण 5 गुणांक मिळतात. कारण तो जिंकणार हे अपेक्षितच होते. पण हरला तर त्याचे 15 जातात आणि ते खालच्याला मिळतात. दुबळ्याला कितीही वेळा हरवा, पदरात थोडेच पडते. वरचढाला एकदा हरवा, मोठी उडी घेता येते.

बॅडमिंटनची जागतिक क्रमवारी मात्र वेगळ्या रीतीने लावतात. तेथे खेळाडूच्या मागील 52 आठवड्यांतील उत्तम 10 स्पर्धांचे गुण धरतात. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. दर्जा एकदाच ठरवून कायमचा चिकटवत नाहीत. तो पुन्हापुन्हा मोजतात.

शाळेत हे कसे करावे?

शिक्षकांनो, हा भाग विशेष तुमच्यासाठी. शाळेत 24 मुले-मुली बॅडमिंटनला आली आहेत आणि कोर्ट एकच आहे. सर्वांचे सर्वांशी सामने लावायचे तर 276 होतील. ते शक्य नाही. म्हणून सहा-सहा जणांचे चार गट करा. गटात साखळी पद्धतीने 15 सामने होतात, चार गटांत मिळून 60. महिनाअखेरीस प्रत्येक गटातील पहिले दोघे वरच्या गटात जातील आणि शेवटचे दोघे खालच्या गटात येतील. सुरुवातीचे गट थोडे चुकले तरी दोनतीन महिन्यांत शिडी आपोआप सुधारते.

मात्र एक पथ्य पाळा. सर्व गटांना कोर्टवरचा वेळ सारखा द्या आणि फुलेही सारखीच द्या. वरच्या गटाला रोज सराव आणि खालच्याला आठवड्यातून एकदा, असे झाले तर सहा महिन्यांनी खालची मुले खरोखरच मागे पडतील. मग आपण म्हणू, ‘बघा, आमचा अंदाज बरोबर होता!’ वास्तविक मोजपट्टीनेच तो फरक निर्माण केलेला असेल.

वयाचेही असेच आहे. वयोगटाच्या स्पर्धांत 1 जानेवारी ही तारीख धरली, की 2 जानेवारीला जन्मलेला आणि त्याच वर्षी 30 डिसेंबरला जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. अकराव्या-बाराव्या वर्षी हा सुमारे एका वर्षाचा फरक उंचीत आणि ताकदीत दिसतो. कॅनडातील रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा निवड झालेल्यांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आढळली. ज्याला आपण ‘गुणवान’ म्हणतो, तो काही वेळा नुसताच मोठा असतो.

आता पुन्हा त्या सभागृहाकडे वळू. 21–6, 21–4 हा आकडा खोटा नाही. त्या मुलीत आणि तुमच्यात आज पुष्कळ पायऱ्यांचे अंतर आहे हे तो स्पष्ट सांगतो. पण तुम्ही कोणत्या पायरीवर आहात हे एकटा तो सांगू शकत नाही. त्यासाठी तुमच्या जवळपासच्या दर्जाचे आणखी आठदहा प्रतिस्पर्धी हवेत आणि त्यांच्याशी झालेल्या सामन्यांची तारखेसह नोंद हवी. एक वही घाला. पुढच्या खेपेस कोणी विचारले, ‘तू कसा खेळतोस?’ तर ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असे उत्तर देऊ नका. सांगा, ‘या महिन्यात, अमक्या गटात, दहा सामन्यांपैकी चार जिंकले.’ आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा.