स्पा सुरू करताय? आधी तासांचा हिशोब मांडा

पार्लरचा काही वर्षांचा अनुभव गाठीशी आला, की अनेकींच्या मनात पुढचं स्वप्न आकार घेऊ लागतं, स्वतःचा स्पा. नाव ठरतं, भिंतींचा रंग ठरतो. मुदत ठेव मोडून, थोडे दागिने गहाण ठेवून पैसे उभे करायचं ठरतं. मागे राहतो तो बिझनेस प्लॅन. बँकेने मागितला की सीएकडून बनवून घेऊ, असं म्हणून तो पुढे ढकलला जातो.

खरं तर हा प्लॅन बँकेच्या आधी तुमच्यासाठी असतो. जागेचा करार झाला, डिपॉझिट गेलं, की मागे फिरणं महाग पडतं. म्हणून सही करण्यापूर्वी पुढचे मुद्दे कागदावर उतरवा.

मंगळवारी दुपारी कोण येणार?

‘आमचा स्पा सर्वांसाठी’ हे उत्तर प्लॅनमध्ये चालत नाही. नोकरदार ग्राहक बहुतेक संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी येणार. मग मंगळवारी दुपारी दोन वाजता कोण येईल? जवळच्या सोसायट्यांतल्या गृहिणी, निवृत्त मंडळी, की कोणीच नाही? परिसरातल्या दोन-तीन स्पांमध्ये ग्राहक म्हणून जाऊन या. दर, वेळा, गर्दी टिपून ठेवा.

विकायचे असतात ते तास

साडी आज विकली गेली नाही तर उद्या विकता येते. मसाजचा रिकामा गेलेला तास मात्र कायमचा जातो. त्यामुळे स्पाच्या प्लॅनचा पाया म्हणजे महिन्याला किती सेशन देता येतील, हा आकडा.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. यातले आकडे निव्वळ उदाहरणादाखल आहेत, तुमच्या शहराप्रमाणे ते बदला. तीन खोल्या, तीन बेड. तासाभराचा मसाज आणि मग साफसफाई, चादर बदलणं धरलं, तर एका बेडवर दिवसाला ७ सेशन बसतात. महिन्याचे २६ दिवस धरले, तर ५४६ सेशन. आकडा छान दिसतो, पण तो बेडचा आहे. हातांचं काय? चांगला मसाज देणारी थेरपिस्ट दिवसाला चारच सेशन नीट देऊ शकते असं धरा. तीन थेरपिस्ट असतील तर खरी क्षमता ३१२ सेशनची. प्लॅनमध्ये हाच आकडा धरा.

ना नफा, ना तोटा कुठे?

आता दरमहा ठरलेला खर्च मांडू. भाडं ५० हजार, त्यावरचा १८ टक्के जीएसटी ९ हजार. तीन थेरपिस्ट आणि एक रिसेप्शनिस्ट यांचे पगार ६८ हजार. वीज, लाँड्री, फोन २३ हजार. जाहिरात १० हजार. कर्जाचा हप्ता २० हजार. एकूण १ लाख ८० हजार.

एका सेशनचा सरासरी दर जीएसटी सोडून १२०० रुपये. त्यातून तेल, डिस्पोजेबल वस्तू, इन्सेन्टिव्ह यांचे २०० वजा केले की हाती १००० उरतात. म्हणजे फक्त खर्च निघायला महिन्याला १८० सेशन हवेत, रोज साधारण सात. ३१२ च्या हिशोबाने हे ५८ टक्के होतात. ५४६ धरले असते तर ३३ टक्केच वाटले असते! इथेच बरेच प्लॅन फसतात.

शिवाय यात तुमचा स्वतःचा पगार नाही. महिना ३० हजार हवे असतील, तर २१० सेशन लागतील.

सुरुवातीचे महिने

पहिल्या महिन्यात १८० सेशन होत नाहीत. समजा ६०, ९०, १२०, १५० असं करत पाचव्या महिन्यात १८० गाठले. पहिल्या चार महिन्यांची तूट अनुक्रमे १ लाख २० हजार, ९०, ६० आणि ३० हजार, एकूण ३ लाख रुपये. ही रक्कम फर्निचरवर खर्च न करता खेळतं भांडवल म्हणून बाजूला ठेवा. मेंबरशिप आणि गिफ्ट कूपनचे आगाऊ पैसेही लगेच कमाई समजू नका. ती सेवा अजून द्यायची आहे.

कर्ज, कर आणि परवाने

मुद्रा योजनेत ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत आणि ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. सेवा व्यवसायात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. काही राज्यांत ही मर्यादा १० लाख आहे. आपल्या उदाहरणात १८० सेशनलाच वर्षाची उलाढाल २५ लाख ९२ हजार होते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून अशा सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे भाडं, मशीन, सामान यांवर भरलेला कर तुमच्याच खिशातून जातो, तो खर्चातच धरा. स्पाच्या परवान्याचे नियम शहरागणिक वेगळे आहेत. करारापूर्वी महापालिकेत जाऊन त्या जागेवर परवाना मिळेल का, हे विचारून घ्या.

विश्वासाचाही खर्च असतो

प्रशिक्षित थेरपिस्ट, कर्मचाऱ्यांची ओळखपत्र पडताळणी, प्रत्येक ग्राहकाला धुतलेला टॉवेल, रक्तदाब, गरोदरपण, त्वचेचे विकार विचारणारा छोटा फॉर्म, या गोष्टी प्लॅनमध्ये लिहा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यानुसार अंतर्गत समिती नेमावी लागते. कमी कर्मचारी असले तरी थेरपिस्टला गैरवर्तन करणाऱ्या ग्राहकाला नकार देण्याचा अधिकार आहे, हे दर्शनी भागात लावा. थेरपिस्ट टिकल्या तर ग्राहक टिकतात.

आकडे जुळले नाहीत तर निराश होऊ नका. भाडं कमी असलेली जागा शोधा, दोन बेडवर हिशोब करून पाहा किंवा सध्याच्या पार्लरमधली एक खोली वर्षभर स्पासाठी चालवा. तिथे मंगळवारची दुपार भरू लागली, तर मोठ्या जागेच्या करारावर निश्चिंत मनाने सही करता येईल. आणि नाहीच भरली, तरी दागिने घरातच असतील.