पैलवानांची पिढी आणि वाढीचा तक्ता

हिंडलग्यातील माझ्या दवाखान्यात एका शनिवारी संध्याकाळी एक आजोबा आपल्या तेरा वर्षांच्या नातवाला घेऊन आले. सोबत मुलाचे वडीलही होते. आजोबांचे दोन्ही कान मोडलेले. उमेदीची वर्षे तालमीच्या मातीत काढल्याची ती खूण. नातूही तालमीत जातो, पहाटे जोर-बैठका मारतो, दूध-बदाम घेतो. तक्रार एकच होती.

“डॉक्टर, ह्यो पोरगा अंगाला धरत न्हाई बघा. ह्याच्या वयाला मी केवढा हुतो!”

वजन-उंची घेईपर्यंत तिघांत वाद सुरू झाला. आजोबांचे म्हणणे, आजचे मॅटवरचे पैलवान म्हणजे सहा मिनिटांचे गडी. आंदळकरांनी त्यांना उभ्या-उभ्या आस्मान दाखवले असते. मुलाचे म्हणणे, जुन्या मल्लांना गुणांची कुस्ती कळलीच नसती. वडील दोघांच्या मध्ये गप्प होते, आणि त्यांच्या हातातल्या पिशवीत स्नायू वाढवण्याच्या पावडरीचा एक मोठा डबा होता. तो डबा पाहिल्यावर हा वाद केवळ करमणुकीचा राहिला नाही. ‘सर्वांत मोठा पैलवान कोण?’ या प्रश्नाचे उत्तर आपण कसे शोधतो, यावर त्या मुलाच्या पोटात काय जाणार हे ठरत होते.

मुष्टियोद्ध्यांचा यांत्रिक निकाल

हा वाद आपल्याच भागात आहे असे नाही. हेवीवेट मुष्टियुद्धात तो शंभर वर्षे चालू आहे. १९०८ ते १९१५ विश्वविजेता असलेला जॅक जॉन्सन मोठा, की १९३७ ते १९४९ अशी बारा वर्षे किताब राखून पंचवीस वेळा तो वाचवणारा जो लुई? एकोणपन्नास लढतींत एकोणपन्नास विजय मिळवून १९५६मध्ये निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो, की तीन वेळा किताब जिंकलेला मुहम्मद अली?

१९६७मध्ये मरे वोरोनर नावाच्या अमेरिकन निर्मात्याने या वादाचा निकाल संगणकाकडून लावून घ्यायचे ठरवले. वेगवेगळ्या काळांतील सोळा हेवीवेट योद्ध्यांची माहिती यंत्रात भरली आणि काल्पनिक लढती रेडिओवरून ऐकवल्या. त्यात अली जेफ्रीजकडून हरल्याचे जाहीर झाले. अलीने बदनामीचा दावा ठोकला. पुढे तडजोड होऊन १९६९मध्ये अली आणि निवृत्त मार्सियानो यांच्यात कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीची लढत झाली. वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवले होते. जानेवारी १९७०मध्ये अमेरिकेत चित्रपट लागला तेव्हा तेराव्या फेरीत अली कोसळताना दिसला. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला. मार्सियानोने यांपैकी काहीच पाहिले नाही. ऑगस्ट १९६९च्या अखेरीस विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला होता.

प्रेक्षकांच्या देशाप्रमाणे निकाल बदलणारे ते यंत्र हसण्यावारी नेता येते. पण आपणही तेच करत असतो. कोल्हापुरात वाद झाला तर निकाल वेगळा, सांगलीत झाला तर वेगळा.

त्यात दुसरी अडचण वजनाची. मार्सियानोचे लढतीचे वजन साधारण ८४ किलो होते. आजच्या नियमांत ९०.७ किलोपर्यंतचा योद्धा क्रुझरवेट गटात मोडतो. म्हणजे अजिंक्य मार्सियानो आज हेवीवेटमध्ये गणलाच गेला नसता. मग शंभराहून अधिक किलोंच्या, साडेसहा फुटी आधुनिक योद्ध्यासमोर त्याला कल्पनेत उभे करून आपण नेमके काय मोजतो? दोन माणसांचे कौशल्य, की दोन काळांचा आहार, उंची आणि व्यायामशास्त्र?

एकच जोड, दोन निकाल

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. १९१०मध्ये गामा पैलवान लंडनला गेला. तिथे त्याने अमेरिकेच्या डॉ. बेंजामिन रोलरला हरवले. हे गृहस्थ खरोखरीचे डॉक्टर होते, आपल्या व्यवसायबंधूंपैकीच. त्यानंतर पोलंडच्या झ्बिश्कोशी त्याची कुस्ती अडीच तासांहून अधिक वेळ चालली आणि बरोबरीत सुटली, कारण झ्बिश्को बहुतेक वेळ गादीला पोट लावून पडून राहिला. पुन्हा ठरलेल्या दिवशी तो आलाच नाही. अठरा वर्षांनी, १९२८मध्ये, पतियाळाला हीच जोड आखाड्यात लागली. दोघेही पन्नाशीला टेकलेले. या वेळी गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला.

माणसे तीच, बदलले ते वय, मैदान आणि कुस्तीची रीत. एकाच जोडीचे निकाल इतके वेगळे लागत असतील, तर कधीच समोरासमोर न आलेल्या दोन पिढ्यांच्या मल्लांची तुलना मैदान बाजूला ठेवून कशी करणार? ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेल्या लाल मातीत वेळेचे बंधन नसे; चितपट हाच निकाल. आज मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण मोजणारे पंच, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. मातीतला मल्ल दम राखून प्रतिस्पर्ध्याला थकवतो. मॅटवरच्याला पहिल्या क्षणापासून आक्रमण करावे लागते. दोघांच्या शरीराकडून वेगळी मागणी आहे.

बालरोगतज्ज्ञाची मोजपट्टी

या ठिकाणी मला माझा रोजचा तक्ता आठवतो. मूल लहान आहे की मोठे, हे आम्ही त्याच्या किलोंवरून ठरवत नाही. त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या शंभर मुलांच्या रांगेत ते कितवे उभे राहते, हे पाहतो. यालाच पर्सेंटाइल म्हणतात.

रांग कोणाची, हेही तितकेच महत्त्वाचे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या टेबलावर परदेशी मुलांच्या मोजमापांवरून केलेले तक्ते होते. त्यांच्या आधारे मी कितीतरी आयांना ‘बाळ कमी भरते’ असे सांगून काळजीत टाकले. त्यांतली बरीच बाळे निरोगी होती, हे आज कळते. पुढे २००६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पाच वर्षांखालील मुलांसाठीची मानके आली. २०१५मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी सुधारित तक्ते दिले. मुले तीच होती, रांग बदलली आणि माझा निर्णय बदलला.

पैलवानांनाही हीच पट्टी लावावी असे मला वाटते. तीन प्रश्न विचारावेत. आपल्या काळातील उत्तम मल्लांपेक्षा तो किती पुढे होता? किती वर्षे पुढे राहिला? आणि दुसऱ्याच्या मैदानात, दुसऱ्याच्या नियमांनी खेळून त्याने काय मिळवले?

मग क्रम कसा लागतो?

श्रीपती खंचनाळे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे. १९५९मध्ये दिल्लीत पंजाबच्या बंता सिंगला हरवून ते पहिले हिंदकेसरी झाले. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत त्यांचे गाव म्हैसूर राज्यात गेले, तरी कोल्हापूरच्या मातीने त्यांना कधी परके मानले नाही, आणि आपणही त्यांचे नाव घेताना नकाशा उघडत नाही. पहिला असण्याचा एक तोटा असतो: मागे तुलनेला कोणी नसतो. १४ डिसेंबर २०२० रोजी ते गेले, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना हळहळ झाली.

पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६०चे हिंदकेसरी. पण माझ्या तिसऱ्या प्रश्नाला त्यांच्याइतके ठाम उत्तर दुसऱ्या अवजड मल्लाने दिलेले नाही. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड चालत नाही. म्हणजे मातीतल्या मल्लाचे निम्मे डाव बाद! त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती माने यांनी फ्रीस्टाइलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य घेतले; १९६४मध्ये तेही हिंदकेसरी झाले. दादू चौगुले यांनी १९७० आणि १९७१ असे सलग दोन वेळा महाराष्ट्र केसरी जिंकून १९७४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणले. हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८२ किलो गटात सुवर्ण मिळवले आणि पुढे बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालला हरवले. ती कुस्ती पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत, आणि तिचे वर्णन करताना खुर्चीवरून उठतात.

या अवजड मल्लांत मी आंदळकरांना पहिले स्थान देतो. पण ‘अवजड’ हा शब्द काढून टाकला, तर माझा पहिला क्रमांक दुसऱ्याचा आहे.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. वजन ५७ किलोंच्या आत. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटची फारशी सवय नसताना सहावे. १९५२मध्ये हेलसिंकीत कांस्य. ते ज्यांच्याकडून हरले ते जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव्ह अनुक्रमे सुवर्ण आणि रौप्य घेऊन गेले. म्हणजे त्यांच्या वजनाच्या साऱ्या जगाच्या रांगेत खाशाबा तिसरे होते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक, आणि दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. तरीही मैदानी गप्पांतल्या याद्यांत त्यांचे नाव शेवटी येते, कारण आपल्या डोळ्यांना पैलवान म्हणजे डोंगर दिसायला हवा. आंदळकरांना अर्जुन पुरस्कार १९६४मध्ये मिळाला. खाशाबांचे १९८४मध्ये अपघाती निधन झाले आणि त्यांना तो पुरस्कार मरणोत्तर, २००० सालचा, देण्यात आला. चुकीच्या मोजपट्टीची किंमत एका माणसाने आयुष्यभर मोजली.

क्रम लावण्याच्या हौसेची किंमत शरीरही मोजते. अलीला १९८४मध्ये पार्किन्सनचे निदान झाले. २०१६मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत बत्तीस वर्षे त्या आजाराने सोबत केली. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांबद्दल वैद्यकशास्त्राला आज जे ठाऊक आहे, त्यानंतर ‘अजून एक लढत’ मागणाऱ्या प्रेक्षकांत बसताना आपण डॉक्टरांनी तरी थोडे थांबावे.

पुन्हा दवाखान्यात

त्या मुलाचा बिंदू मी तक्त्यावर मांडून आजोबांना दाखवला. उंची आणि वजन दोन्ही पंचवीस ते पन्नास पर्सेंटाइलच्या मध्ये, मागच्या तीन वर्षांच्या नोंदींशी जुळणारी रेषा, आणि वयात येण्याची चिन्हे नुकतीच सुरू झालेली. उंचीची झेप अजून यायची होती. मूल निरोगी होते. पावडरीचा डबा मी बाजूला ठेवायला सांगितला. त्यावर घटकांची धड यादीही नव्हती. तालमीत कोणी इंजेक्शन सुचवले, तर आधी मला फोन करा, असे वडिलांना बजावले. भाकरी, डाळ-उसळ, दूध, अंडी, आणि रात्रीची पुरेशी झोप एवढा खुराक या वयाला पुरतो.

आजोबांनी तक्ता बराच वेळ निरखला. मग विचारले, “ह्यात माझ्या वक्ताची रेघ कुठली?”

“तुमच्या वेळची रेघ ह्यात नाही, आजोबा,” मी म्हणालो. “ही ह्याच्या वयाच्या, आत्ताच्या पोरांची आहे.”

ते काही बोलले नाहीत. सहा महिन्यांनी तिघे पुन्हा आले. मुलगा चार सेंटिमीटर वाढला होता आणि शाळेच्या स्पर्धेत आपल्या वजनगटात दुसरा आला होता. आजोबांनी ते मला स्वतः सांगितले, वजनगटासकट. मात्र जाताना दाराशी थांबून “तरीबी आंदळकरच!” असे म्हणाले, आणि याबाबतीत माझा त्यांच्याशी वाद नव्हता.